कुसळी

भाद्रपद सरत आला की सुपे, मोरगाव, जेजुरीच्या माळावरून पायी जाणाऱ्याला कुसळी गाठतेच. आधी ती पायमोज्यात शिरते, मग विजारीच्या काठात, आणि बसायला दगड शोधावा तोवर एखादं कुसळ कातडीपर्यंत पोचलेलं असतं. उपसून काढायला जावं तर टोक आतच राहतं. बहुतेकांची तिच्याशी एवढीच ओळख, आणि तीही चार शिव्यांत संपते. मला हे गवत फार मोलाचं वाटतं. माळावर जन्म काढायचा तर अंगी काय काय असावं लागतं, ते सगळं हिच्या एका ठोंबात आहे. ती टोचते म्हणून आपण तिच्याकडे धड पाहिलेलं नाही, इतकंच.

आषाढात पाहिली तर कुसळी अगदी गरीब, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली. जिथे बाजरी पेरायलाही कुणी धजत नाही अशा मुरमाड जमिनीत, दोन दगडांच्या बेचक्यात तिचा ठोंब असतो. तो बुडाशी चिमटीत धरून पाहावा. बाकीची बरीच गवतं बुडाशी गोल लागतात, ही चपटी लागते. पानांची आवरणं दुमडून एकमेकांवर घट्ट बसलेली असतात आणि पानही मधोमध घडी घातलेलं. फुलोऱ्याआधी ज्याला गवत ओळखायचं आहे त्याला एवढी खूण पुरते. या वयात गुरं तिला आवडीनं खातात. खाल्ली तरी तिचं फारसं बिघडत नाही, कारण वाढीचे कोंब शेंड्याला नसून बुडाशी, मातीलगत असतात. वरून तोडलं की खालून फुटवे येतात. सगळ्याच गवतांची ही रीत. पण उथळ मातीत, वर्षातले सात-आठ महिने कोरडे काढून दर पावसाळ्यात त्याच ठोंबातून पुन्हा उभं राहणं सगळ्यांना जमत नाही.

तिचं घराणं मोठं आहे. ज्वारी, ऊस आणि मका हे तिचे भाऊबंद. वनस्पतिशास्त्रात चौघांचं गोत्र एकच. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ एथेलबर्ट ब्लॅटर यांनी चार्ल्स मॅकॅन यांच्यासह मुंबई इलाख्यातल्या गवतांवर जो ग्रंथ लिहिला, तो ब्लॅटर गेल्यावर 1935 साली निघाला. आजही इकडच्या माळावरचं गवत ओळखायला बसलेला विद्यार्थी कधी ना कधी त्या ग्रंथापाशी येतो. कुसळीचं शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कंटॉर्टस. भारतातच नव्हे, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, पॅसिफिकमधली बेटं, जिथे जिथे उष्ण, काही महिने कोरडी राहणारी उघडी जमीन आहे तिथे ती आहे. हवाई बेटांवर तिला पिली म्हणतात, आणि तिथले मूळ रहिवासी तिनेच घरं शाकारत.

गणपतीच्या सुमारास ती निसवू लागते. काडीच्या टोकाला बोटभर लांबीचं कणीस येतं. ते भिंगातून पाहण्यासारखं आहे. कणसाच्या खालच्या भागात हिरव्या, चपट्या कणिशिका एकीवर एक दाटून बसलेल्या असतात. त्या नर किंवा वांझ, आणि एकीलाही कुसळ नसतं. वरच्या भागातही कणिशिका जोडीजोडीनेच असतात, पण प्रत्येक जोडीतली एक नर आणि दुसरी मादी. कुसळ येतं ते या मादीलाच. म्हणजे जिच्या पोटी बी धरायचं आहे तेवढीलाच हत्यार दिलेलं. गंमत अशी की ज्या ज्या ठिकाणच्या कुसळीचा बारकाईने अभ्यास झाला, तिथे बरंचसं बी फलनाशिवायच तयार होतं असं दिसलं. गर्भ आईच्याच पेशीतून वाढतो आणि लेक आईची हुबेहूब प्रत निघते. दगडाच्या बेचक्यात तग धरलेल्या आईचे गुण जसेच्या तसे पुढे जातात.

आता पिकलेलं एक कुसळ तळहातावर घ्यावं. बुडाशी तपकिरी आवरणातला बारीक दाणा. त्याचं टोक सुईइतकं तीक्ष्ण, आणि टोकाभोवती राठ, पिंगट केस. हे सगळे केस मागच्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे टोक आत जाताना ते मिटतात आणि बाहेर यायला लागलं की उभे राहून अडतात. दाण्याच्या वर सात-आठ सेंटिमीटरची काडी. तिचा खालचा भाग काळपट, लवदार आणि घट्ट पीळ भरलेला. मग एक-दोन ठिकाणी कोपरा, आणि त्यापुढे बारीक, फिकट, पीळ नसलेलं शेपूट. पिळाच्या भागावर पाण्याचा एक थेंब टाकावा आणि हात स्थिर ठेवावा. पाहता पाहता शेपूट हलतं, आणि तळहातावरच गोल फिरायला लागतं. पीळ उलगडत असतो. पाणी टिपून घेऊन कुसळ उन्हात धरलं की तेच शेपूट उलट्या दिशेने फिरतं आणि पीळ पुन्हा भरतो. हे कितीही वेळा करून पाहता येतं. लहान मुलांना दाखवावं. ती तासभर हलत नाहीत.

यात जिवंत असं काही नाही. कुसळ पिकतं तेव्हा त्याच्या पेशी मेलेल्या असतात आणि मागे उरतात फक्त त्यांच्या भिंती. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तशी ही भिंतींची रचना मागे राहते आणि काम करत राहते. प्रत्येक भिंतीत सेल्युलोजचे सूक्ष्म धागे मळसूत्री चढत गेलेले असतात. हे धागे ओलाव्याने लांबत नाहीत. धाग्यांच्या मधला भराव मात्र पाणी शोषून फुगतो आणि सुकताना आकसतो. धागे तिरपे असल्यामुळे तो सरळ आकसू शकत नाही, त्याला वळावंच लागतं. एकेक पेशी वळते आणि त्या सगळ्यांची मिळून अख्खी काडी वळते. हे पहिल्यांदा नीट उलगडून दाखवलं चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस डार्विन याने, 1876 साली. त्याच्यापुढे होतं युरोपातलं स्टिपा नावाचं गवत. पीळ काडीच्या रचनेत कुठे बाहेरून आलेला नाही, तो प्रत्येक पेशीत आहे, हे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलं. पुढे 2007 साली रिव्का एल्बाउम आणि सहकाऱ्यांनी रानगव्हाच्या कुसळांवर काम केलं. तिथे पीळ नाही, दोन कुसळं आत-बाहेर वाकतात; पण तत्त्व तेच. रात्रीची दमट हवा आणि दिवसाची कोरडी हवा एवढ्याच बळावर दाणा मातीत ढकलला जातो.

माळावर हेच घडतं. आश्विनात कुसळं पिकली की ती कणसावरच एकमेकांत पिळली जातात आणि त्यांचा एक काळपट गुंता शेंड्याला लोंबायला लागतो. वारा आला, जनावर घासून गेलं की गुंता गळतो. जमिनीवर पडलेल्या कुसळाचं शेपूट शेजारच्या काडीला किंवा खड्याला अडकतं. रात्री दव पडतं, पीळ उलगडायला लागतो. पण शेपूट अडकलेलं, म्हणून फिरण्याचं बळ खाली दाण्याकडे जातं आणि टोक भेगेत घुसतं. सकाळी ऊन वाढलं की उलट फेरा सुरू होतो. आता टोक बाहेर यायला हवं, तर मागे वळलेले केस आडवे येतात. दोन्ही फेऱ्यांत दाणा खालीच सरकतो. काडीतली कुठलीही पेशी जिवंत नसताना, अन्नाचा कणही न खर्चता, नुसत्या दव-उन्हावर कुसळी स्वतःची पेरणी करून घेते.

मातीत एवढं शिरण्याची गरज काय, याचं उत्तर माळ पेटतो तेव्हा कळतं. गवताची आग जोरात येते आणि झटकन निघून जाते. वर सगळं काळं होतं, पण माती उष्णतेची वाईट वाहक, त्यामुळे बोटाच्या एका पेरापेक्षाही कमी खोलीवर बी वाचायला पुरेशी थंडाई असते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये जळलेल्या कुरणांत जमिनीचं तापमान मोजून हे पाहिलं गेलं आहे: पुरलेलं बी तगतं, वर पडून राहिलेलं जातं. ठोंबाचे कोंबही बुडाशी असल्यामुळे वाचतात. म्हणून अधूनमधून पेटणाऱ्या माळावर कुसळी मागे हटत नाही, उलट जागा धरते. मुद्दाम वणवे लावण्याचं समर्थन मी करत नाही. उन्हाळ्यात चंडोल, टिटव्या, धाविक यांची घरटी उघड्या जमिनीवरच असतात आणि वर्षाआड जळणाऱ्या माळावर मऊ गवतं टिकत नाहीत. पण आग हा माळाच्या आयुष्याचा जुना भाग आहे आणि कुसळीच्या बांधणीत ती जमेस धरलेली आहे.

बी पुरलं गेलं म्हणजे लगेच उगवत नाही, हेही तिचं शहाणपण. परतीचा पाऊस ऑक्टोबरात बऱ्यापैकी पडतो. त्या ओलीवर जे कोवळं रोप उगवेल ते पुढच्या कोरड्या थंडीत मरणार. कुसळीचं ताजं बी अशा पावसाला भुलत नाही. त्याची सुप्तावस्था काही महिने टिकते आणि उन्हाळा पार पडेपर्यंत मोडत नाही. मृगाचा पाऊस लागला की मग ते फुटतं.

मेंढपाळाचं मात्र हे सगळं शहाणपण ऐकून समाधान होणार नाही, आणि होऊही नये. दख्खनी मेंढीच्या लोकरीत कुसळ शिरलं की ते तिथे थांबत नाही. मेंढीच्या घामाने, दवाने आणि उन्हाने तोच पीळ तिथेही फिरतो, आणि दाणा लोकरीतून कातडीत, कातडीतून मांसात जातो. हिरड्यांत रुततं, डोळ्यांत जातं. चरणारं जनावर तोंड आखडतं आणि खंगत जातं. म्हणून जाणता मेंढपाळ कुसळी निसवायच्या आत तो माळ चारून घेतो आणि पिकल्यावर कळप तिकडे फिरकू देत नाही. दिवाळीच्या आगेमागे धनगरांचे वाडे देशावरून कोकणाकडे उतरतात त्याला चारा-पाण्याची, शेतात मेंढ्या बसवण्याची अशी अनेक कारणं आहेत. पण त्या दिवसांत मागे राहिलेल्या माळावर मेंढीला सुखाने चरता येईल असं फारसं काही उरलेलंही नसतं. क्वीन्सलँडच्या ज्या पट्ट्यात हे गवत जोमात होतं तिथे सुरुवातीला आलेल्या मेंढ्या टिकल्या नाहीत, गुरं आली, आणि त्यात या गवताचा वाटा होता. कापून वाळवायची असेल तरी नियम तोच: निसवण्याच्या तोंडावर कापली तर पेंढी बरी, उशीर केला तर गंजीत कुसळं भरली आणि चारा वाया गेला.

आतापर्यंत सांगितलं ते डोळ्यांनी दिसणारं. तिचं खरं बळ पानात आहे. पानाचा पातळ आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की प्रत्येक शिरेभोवती गडद हिरव्या मोठ्या पेशींचं कडं दिसतं, आणि त्याभोवती फिकट पेशींचं दुसरं. हीच रचना उसाच्या, मक्याच्या आणि ज्वारीच्या पानात. तिचं काम समजायला मात्र विसावं शतक निम्म्याहून अधिक सरावं लागलं. हवाईतल्या ऊससंशोधकांना दिसलं की उसाच्या पानात कार्बन सगळ्यात आधी जिथे सापडायला हवा तिथे सापडत नाही. त्यांनी 1965 साली ते छापलं, आणि ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या प्रयोगशाळेत हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी पुढच्याच वर्षी त्यामागचा मार्ग मांडला.

अडचण अशी आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखरेकडे नेणारं विकर, रुबिस्को, ते पक्कं नाही. साधारण चारातून एकदा ते कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच पकडतं, आणि मग झालेली चूक निस्तरण्यात झाडाची कमाई जाते. जितकी उष्णता जास्त तितकी ही चूक जास्त. भात, गहू, आंबा, साग, सगळे हा तोटा सोसतात. कुसळीच्या घराण्याने कामाची वाटणी केली. बाहेरच्या फिकट पेशी दुसऱ्या, चूक न करणाऱ्या विकराने कार्बन पकडतात, त्याचं चार कार्बनांचं आम्ल बनवून आतल्या कड्याकडे पोचवतात, आणि तिथे तो सोडून रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइडची इतकी दाटी करतात की त्याला ऑक्सिजन गाठतच नाही. याला सी-फोर मार्ग म्हणतात. कार्बन इतक्या तत्परतेने आत ओढला जात असल्यामुळे पानाची छिद्रं फार उघडावी लागत नाहीत, आणि तेवढीच वाढ साधारण निम्म्या पाण्यात होते. पृथ्वीवरच्या वनस्पतींच्या जातींत सी-फोर जाती जेमतेम शंभरात तीन; पण जमिनीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणात त्यांचा वाटा पाव हिश्शाच्या जवळ जातो.

हे फुकट मिळत नाही, आणि पुढे मला जे म्हणायचं आहे ते या खर्चावरच उभं आहे. सामान्य पान एका कार्बनमागे ऊर्जेचे तीन रेणू खर्च करतं, सी-फोर पान पाच. हा जास्तीचा खर्च भागतो तो फक्त भरपूर उन्हाने. लख्ख उघड्या माळावर उन्हाला तोटा नाही, म्हणून तिथे कुसळी श्रीमंत. सावली पडली की तोच व्यवहार आतबट्ट्याचा होतो.

गवतांचं आपल्या भूमीवरचं वास्तव्य किती जुनं, याचा एक पुरावा चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला आहे. तिथल्या डायनासोरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताच्या पानांतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. लखनौच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली ते प्रसिद्ध केलं. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर असतानाच, इथे गवत होतं. तोवर समज असा होता की डायनासोर गेल्यावर बऱ्याच काळाने गवतं पसरली. पिसदुऱ्याच्या गवतांत भात-बांबूच्या गणगोतातली गवतं होती. कुसळीचं सी-फोर घराणं जोरात आलं ते फार नंतर. शिवालिकच्या थरांतल्या कार्बनवरून दिसतं की साधारण 70-80 लाख वर्षांपूर्वी उपखंडाच्या उत्तरेला झाडोरा हटून अशा गवतांचे विस्तीर्ण प्रदेश झाले. माणूस आणि त्याची कुऱ्हाड तेव्हा कुठेच नव्हती. जंगल तोडून माळ झाला, ही आपल्या मनात घट्ट बसलेली समजूत इथे डळमळते. काही माळ तसे झाले असतील. सगळे नाहीत.

कुसळीला माळाची प्रकृतीही सांगता येते. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशभरच्या गवतांचा पट 1973 साली ग्रंथरूपाने मांडला, त्यात दख्खनच्या पठाराचा माळ पवना आणि मारवेल या गवतांच्या नावाने ओळखला आहे. ही दोन्ही जनावरांना फार रुचणारी. चराई बेताची असेल तर तीच वरचढ राहतात. चराई वाढली की ती मागे सरतात आणि त्यांची जागा कुसळी घेते. त्यावरही ताण आला तर कुसळीसुद्धा जाते, आणि उरतात एका पावसात येऊन जाणारी, हातभरही न वाढणारी फुटकळ गवतं. म्हणजे कुसळी दिसली की समजावं, माळ थकलेला आहे पण हातचा गेलेला नाही. काही वर्षं राखला तर पवना परत येऊ शकतो. कुसळीने तोवर माती धरून ठेवलेली असते.

अशा जमिनीला सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणतात. देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह 2000 साली निघाला, त्यातही झुडुपी माळ पडीकातच धरले गेले. पडीक म्हटलं की काहीतरी करून दाखवायची घाई होते, आणि सगळ्यात सोपं, सगळ्यांना आवडणारं काम म्हणजे झाडं लावणं. मग माळावर समतल चर खणले जातात, गिरिपुष्प आणि सुबाभूळ ओळीने उभे राहतात, फोटो निघतात. झाडं लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. मी अशा कित्येकांना ओळखतो आणि त्यांच्या कष्टांची मला किंमत आहे. पण चर खणताना कित्येक वर्षांचे ठोंब उपटले जातात. कुसळीचं बी मातीत फार वर्षं जिवंत राहत नाही, त्यामुळे ठोंब गेले की मागे साठा असा उरत नाही. आणि जे ठोंब वाचतात त्यांच्यावर पाच-सात वर्षांत सावली येते. पाचाचा खर्च करणाऱ्या पानाला तीनाचंही ऊन मिळेनासं होतं. गवत विरळ होत जातं. त्याच्याबरोबर चिंकारा, लांडगा, चंडोल यांची जागा जाते आणि मेंढपाळाचा पावसाळी चाराही.

हे माळ आधी जंगल होते, आम्ही ते परत आणतो आहोत, असं उत्तर मिळतं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी या प्रश्नाचं उत्तर जुन्या मराठीत शोधलं. लोकगीतं, संतचरित्रं, आख्यायिका यांत झाडांचे, गवतांचे, काट्याकुट्यांचे जे उल्लेख आहेत ते त्यांनी जमवले आणि ते कुठल्या प्रदेशाचे हे पाहिलं. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या या कामाचा निष्कर्ष असा, की पश्चिम महाराष्ट्राची माळरानं किमान 750 वर्षं माळरानंच आहेत. चक्रधर-ज्ञानदेवांच्या काळातही इथे उघडं गवत आणि विखुरलेली काटेरी झाडंच होती. ज्यांनी ती गाणी रचली त्यांच्या पायांतही कुसळं मोडली असणार.

माझं मागणं अगदी लहान आहे. माळावर कुदळ मारायची ठरली, मग ती वनखात्याची असो, गावाची असो की सौर प्रकल्पाची, तर आधी एक सप्टेंबर जाऊ द्यावा. गवत निसवलेलं असताना कुणी जाणत्याने तिथे फिरावं, सोबत गावातला मेंढपाळ असावा, आणि कुठे पवना आहे, कुठे मारवेल, कुठे कुसळी, कुठे तीही गेलेली आहे, याची यादी करून ग्रामपंचायतीत ठेवावी. जिथे काहीच उरलेलं नाही तिथे खुशाल खणावं. जिथे कुसळीचे ठोंब चपट्या बुडाने मुरूम धरून बसले आहेत, तिथे चार वर्षं चराई आवरून पाहावी आणि पवना येतो का ते मोजावं.